सगळ्यांच्या घरी एक तारीख

मागच्या महिन्यात सांगली जिल्ह्यातील तरुण कार्यकर्त्यांची एक बैठक झाली. बैठक संपल्यावर चहा पिता पिता मी सहज एक प्रश्न विचारला, "समजा, पुढची दोन वर्षे घरखर्चाची काळजी तुम्हाला करावी लागणार नाही. मग काय कराल?" मोबाईलच्या दुकानात काम करणारा एक जण म्हणाला, वकिलीला प्रवेश घेईन. शिकवण्या घेणाऱ्या एका मुलीला बी.एड. करायचे होते. एकाला वडिलांच्याच बेकरीत काही नवे करून पाहायचे होते. एक जण म्हणाला, "सर, मी आधी महिनाभर झोपेन," आणि सगळे हसले. कोपऱ्यातला एक मुलगा मात्र बराच वेळ गप्प होता. रात्रभर गोडाऊनमध्ये माल उतरवून तो सकाळी थेट बैठकीला आला होता. शेवटी तो म्हणाला, "असा विचार करायची सवयच नाही, सर."

हे संपादकीय मी त्या एका उत्तरामुळे लिहितो आहे.

माझ्या अब्बांचे तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचे दुकान होते. दुकान म्हणजे चार पत्रे, एक पंप आणि पाण्याची एक घमेली. उन्हाळ्यात बरे चालायचे, पावसाळ्यात धंदा बसायचा. मी बी.ए. झालो तेव्हा मला पुण्याला एम.ए.साठी प्रवेश मिळाला होता. त्याच वर्षी अब्बांचे मनगट मोडले आणि दुकान तीन महिने बंद राहिले. मी कापडाच्या एका दुकानात हिशेब लिहायला लागलो. एम.ए. झाले, पण सहा वर्षांनी आणि बाहेरून परीक्षा देऊन.

माझ्याच वर्गातला एक मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाचा मुलगा. आमचे गुण जवळपास सारखेच असायचे. तो स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याला गेला. खोली, मेस, अभ्यासिका असा दोन-तीन वर्षांचा खर्च घरातून जात राहिला. पहिल्यांदा नापास झाला, दुसऱ्यांदाही झाला. तेव्हा त्याचे वडील म्हणाले, "आणखी एकदा बस." तिसऱ्या वेळी तो पास झाला आणि आज अधिकारी आहे. मला त्याचा हेवा वाटत नाही, त्याने कष्ट केलेच आहेत. पण "आणखी एकदा बस" हे म्हणण्याची इच्छा माझ्या अब्बांनाही होती, ऐपत नव्हती. त्या घरी दर महिन्याला एक तारीख यायची, आमच्या घरी ती नव्हती. हुशारीत आम्ही दोघे सारखे होतो, फरक त्या तारखेने केला.

आणि माझ्या आपाला तर हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. तिला नर्सिंगला जायचे होते. फीचा आकडा ऐकून घरात दोन दिवस शांतता होती आणि तिसऱ्या दिवशी तिच्या स्थळांची चर्चा सुरू झाली.

ही फक्त आमच्या घरची गोष्ट असती, तर इथे लिहिली नसती. न्या. राजिंदर सच्चर समितीने २००६ साली जो अहवाल दिला, त्यात एक आकडा आहे. आपण त्या अहवालातील शिक्षणाचे आकडे नेहमी सांगतो, हा क्वचित सांगतो. शहरांतील मुस्लिम कामगारांपैकी सुमारे २७ टक्केच नियमित वेतनाच्या कामावर होते. अनुसूचित जाती-जमातींमध्ये हे प्रमाण ३६ टक्के, इतर मागासवर्गीयांमध्ये ४० टक्के आणि उच्चवर्णीय हिंदूंमध्ये ४९ टक्के होते. याचा साधा अर्थ असा की शहरात राहणाऱ्या आपल्यातील दर चार कामगारांपैकी जेमतेम एकाच्या वाट्याला एक तारीख येते. बाकीचे गाडा, गॅरेज, शिलाई, गवंडीकाम, भंगार, फळे यांवर जगतात. आज कमावले तर आज चूल.

अलीकडे "पंक्चरवाले" हा शब्द आपल्याला शिवी म्हणून ऐकवला जातो. मी पंक्चर काढणाऱ्याचा मुलगा आहे. अब्बांनी काढलेले पंक्चर पुन्हा गळत नसे, त्या कामाची मला लाज नाही. लाज वाटावी अशी गोष्ट एकच आहे. त्यांना दुसरे काही करून पाहण्याची संधी आयुष्यात एकदाही मिळाली नाही आणि त्याला त्यांचे नशीब म्हटले गेले.

तरुणांना आपण सतत सांगतो की धाडस करा, आवडीचे क्षेत्र निवडा. मीही अशी भाषणे केली आहेत. पण धाडस करायला पायाखाली जमीन लागते. पडलो तर किती खोल पडू, हे ज्याला माहीत आहे तोच उडी मारतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन संविधान सभेसाठी तयार केले. त्यात त्यांनी हाच मुद्दा मांडला आहे. ज्याच्या हाताला काम नाही, त्याच्यापुढे नोकरी ठेवा आणि बदल्यात संघटनेत न जाण्याची, तोंड न उघडण्याची अट घाला. उपाशी राहण्याच्या भीतीने तो आपले हक्क सोडून देईल. पोटाची भीती असेल तिथे मूलभूत हक्क कागदावरच राहतात, हे बाबासाहेबांनी संविधान लिहिले जाण्याआधीच सांगून ठेवले. मालकाने पगार थकवला तरी गप्प बसणारा, घर भाड्याने मिळत नाही म्हणून नाव बदलून सांगणारा आणि पटत नसलेल्या पुढाऱ्याच्या मागे झेंडा घेऊन फिरणारा आपला तरुण भित्रा नाही. त्याला "नाही" म्हणणे परवडत नाही.

म्हणून सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाचा विचार आपल्या चळवळीने गांभीर्याने करावा असे मला वाटते. कल्पना सोपी आहे. देशातील प्रत्येक व्यक्तीला, ती श्रीमंत असो वा गरीब, कामावर असो वा नसो, दरमहा ठरावीक रक्कम सरकारने द्यावी. रक्कम कुटुंबाला नव्हे, व्यक्तीला द्यायची. अट कोणतीही नाही. धर्म, जात, दाखला, शिफारस यांचा संबंध नाही. तिने कुणी श्रीमंत होणार नाही, पण पडलो तर जमिनीवर पडू, विहिरीत नाही, एवढी खात्री मिळेल.

व्यक्तीच्या हातात पैसा देण्याने काय होते, ते मी घरातच पाहिले. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली लाडकी बहीण योजना आणली. २१ ते ६५ वयाच्या आणि अडीच लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील स्त्रियांना दरमहा १५०० रुपये. आपा साड्यांना फॉल-पिको करून देते. पहिले हप्ते आले तेव्हा तिने पिको मशीनचे थकलेले पैसे भरले. मी विचारले, कसे वाटते? ती म्हणाली, "पहिल्यांदा खर्च केला आणि कुणाला हिशेब दिला नाही." चाळिशी ओलांडलेल्या बाईचे हे वाक्य आहे. पण निवडणुकीआधी अर्ज भराभर मंजूर झाले आणि निवडणूक संपल्यावर पडताळणी सुरू झाली. तेव्हापासून प्रत्येक महिन्यात ती विचारते, "या वेळी येईल का रे?" ओवाळणी आणि हक्क यांतला फरक इथे आहे. ओवाळणी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्काची तारीख ठरलेली असते.

आपल्या वाचकांना एक जुना आकडा आठवत असेल : १७९ रुपये २० पैसे. इंदूरच्या शाहबानो यांना १९८० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही दरमहाची पोटगी. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि देश ढवळून निघाला. त्या वादात शरियत, संविधान, समान नागरी कायदा, मतपेढी सगळे बोलले गेले. पोटगीचा तिचा हक्क खरा होता आणि त्या लढ्यात आपली बाजू स्पष्ट आहे. पण आज मला आणखी एक प्रश्न पडतो. सत्तरीला टेकलेल्या एका नागरिक स्त्रीला जगण्यासाठी ज्याने घराबाहेर काढले त्याच्याच दारी न्यायालयामार्फत का जावे लागावे? नवरा, मुलगा, जमात किंवा पुढारी यांपैकी कुणाच्याही मर्जीवर नसलेली थोडीशी रक्कम तिच्या हातात देशाची नागरिक म्हणून असती, तर तिची लढाई इतकी एकाकी झाली नसती.

त्याच इंदूरच्या परिसरात २०११ पासून या कल्पनेचा एक महत्त्वाचा प्रयोग झाला. 'सेवा' या स्त्री कामगारांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांतील प्रत्येकाला पैसे दिले. प्रौढांना दरमहा २००, मुलांमागे १०० आणि वर्षभरानंतर अनुक्रमे ३०० आणि १५०. सहा हजारांहून अधिक लोकांना ही रक्कम मिळाली आणि पैसे न मिळालेल्या बारा गावांशी तुलना करण्यात आली. लोक दारू पितील हा अंदाज चुकला. जेवणात फरक पडला, मुलींच्या पोषणात सुधारणा झाली, मुले शाळेत जास्त दिवस टिकली, कर्जाचा फास सैल झाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अनेकांनी दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात, जनावरांत, छोट्या धंद्यात काम वाढवले. दोनशे रुपयांत माणूस आळशी झाला नाही. त्याने मालक बदलला आणि तो स्वतःच मालक झाला.

आळसाचा आक्षेप जगभर घेतला जातो, म्हणून आणखी दोन उदाहरणे देतो. कॅनडातील डॉफिन या छोट्या गावात १९७०च्या दशकात किमान उत्पन्नाची हमी देऊन पाहिली गेली. काम कमी केलेल्यांत दोन गट ठळक होते. एक बाळंतिणी आणि दुसरा किशोरवयीन मुले. ती मुले घरच्या गरजेपोटी शाळा सोडत असत, ती शेवटच्या इयत्तेपर्यंत शिकू लागली. याला आळस म्हणायचे असेल, तर असा आळस मला आमच्या घरी हवा होता. फिनलंडने २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षे दोन हजार बेरोजगारांना दरमहा ५६० युरो दिले. ते काम शोधायचे थांबले नाहीत, उलट थोडे अधिक दिवस कामावर दिसले आणि त्यांची काळजी, ताण कमी झाला.

आता अटींविषयी. गरजूंनाच द्या, सगळ्यांना कशाला, असे आपल्यातील अनेक जण म्हणतात. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण गरजू कोण हे ठरवायला कुणी तरी खुर्चीत बसतो आणि त्याच्यापुढे आपली गरिबी सिद्ध करावी लागते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयाच्या चकरा मारलेल्यांना, नावातील एका अक्षराच्या फरकामुळे परत पाठवलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडच्या परंपरेत याविषयी एक बोलकी आठवण आहे. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी नोंदवही करून लोकांना वार्षिक वेतन लावून दिले. तान्ह्या मुलांना ते दूध सुटल्यापासून मिळे. एका रात्री त्यांनी एका बाळाचे सततचे रडणे ऐकले. चौकशी केली तेव्हा कळले की वेतन लवकर सुरू व्हावे म्हणून आई बाळाचे दूध वेळेआधीच तोडते आहे. त्यानंतर वेतन जन्मापासून देण्याचा हुकूम निघाला, असे इतिहासग्रंथांत नोंदले आहे. ती व्यवस्था समान नव्हती, त्यात दर्जे होते, हेही खरे. पण अट घातली की माणसे अटीप्रमाणे वाकतात आणि त्याची किंमत सर्वांत दुबळा मोजतो, हे त्या बाळाच्या रडण्यातून तेव्हाच समजले होते.

सगळ्यांना देण्याचा आपल्यासाठी आणखी एक फायदा आहे. मुस्लिमांसाठी वेगळे काही मागितले की लांगूलचालनाचा आरोप होतो. महाराष्ट्रात २०१४ साली अध्यादेशाने दिलेल्या ५ टक्के आरक्षणातील शिक्षणाचा भाग उच्च न्यायालयातही टिकला होता, पण अध्यादेशाची मुदत संपली आणि त्याचा कायदा झाला नाही. ती मागणी आपण सोडू नये. मात्र मूलभूत उत्पन्नाची मागणी करताना आपण मराठा शेतकऱ्याच्या, दलित सफाई कामगाराच्या, धनगर मेंढपाळाच्या शेजारी उभे असू. मागणी एकच आणि रकमेचा आकडाही एकच.

पैसा कुठून आणायचा? हा प्रश्न टाळून चालणार नाही. दरमहा हजार रुपये १४० कोटी लोकांना दिले, तर वर्षाला सुमारे १६ लाख ८० हजार कोटी रुपये लागतात. केंद्राचा २०२४-२५चा अर्थसंकल्प सुमारे ४८ लाख कोटींचा होता. त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त रक्कम उद्यापासून मिळेल असे मी म्हणणार नाही. पण ही कल्पना स्वप्नाळूंची नाही. २०१६-१७च्या केंद्र सरकारच्याच आर्थिक पाहणीत अरविंद सुब्रमणियन यांनी यावर एक पूर्ण प्रकरण लिहिले. माणशी वर्षाला ७,६२० रुपये ७५ टक्के लोकांना दिले, तर देशाच्या उत्पन्नाच्या ४.९ टक्के खर्च येईल, असा हिशेब त्यांनी मांडला होता. याच देशात २०१५च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर रद्द झाला. २०१९ साली कंपन्यांचा कर कमी केला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडत असल्याचे सरकारनेच सांगितले. खाणी, स्पेक्ट्रम, जमीन ही सगळ्यांची मालमत्ता आहे. अमेरिकेतील अलास्का राज्य १९८२पासून तेलाच्या पैशातून उभारलेल्या निधीचा वाटा प्रत्येक रहिवाशाला, लहान मुलांनाही, दरवर्षी देते. तेव्हा प्रश्न पैसा आहे की नाही एवढाच राहत नाही. तो कुणासाठी सोडला जातो, हेही विचारावे लागते.

दोन धोके मात्र डोळ्यांसमोर ठेवले पाहिजेत. पहिला महागाईचा. इराणने २०१०च्या शेवटी इंधनाची सवलत काढून बहुतांश नागरिकांच्या खात्यात माणशी दरमहा ४ लाख ५५ हजार रियाल देणे सुरू केले. सुरुवातीला गरिबांना मोठा आधार झाला. पण रक्कम तीच राहिली, भाव वाढत गेले आणि काही वर्षांत त्या पैशाची किंमत उरली नाही. आपल्याकडेही वृद्धांच्या पेन्शनमधील केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंतच्या व्यक्तीसाठी वर्षानुवर्षे दरमहा २०० रुपयांवरच अडकला आहे. म्हणून रक्कम महागाईशी कायद्याने बांधलेली हवी.

दुसरा धोका "हे घ्या आणि बाकीचे विसरा" असे म्हणणाऱ्यांचा. रांचीजवळच्या नगडी भागात २०१७ साली रेशनच्या धान्याऐवजी खात्यात पैसे देऊन पाहिले. लोकांना आधी बँकेत आणि मग दुकानात असे हेलपाटे पडू लागले, मजुरी बुडाली. लोकांनी विरोध केला आणि पुढच्या वर्षी योजना मागे घ्यावी लागली. मूलभूत उत्पन्न हे रेशन, सरकारी शाळा आणि सरकारी दवाखाना यांच्या जोडीला हवे, त्यांच्या जागी नको. हजार रुपयांत कुणी खासगी इस्पितळाचे बिल भरू शकत नाही.

हे सगळे अशक्य वाटत असेल, तर आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. तेव्हाही लोक म्हणाले असतील, पैसा कुठून येणार? १९७२च्या दुष्काळाने त्याची गरज सिद्ध केली. त्यासाठी १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला. ज्यांना पगार मिळतो, त्यांनी आपल्या पावतीवर प्रोफेशन टॅक्सच्या नावाने होणारी कपात पाहिली असेल, तीच ती. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २००५ साली देशाने तो मार्ग स्वीकारला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराची हमी घेतली, हे महाराष्ट्रात घडले आहे. पुन्हा घडू शकते.

तोपर्यंत आपण काय करायचे? उमेदवार मते मागायला येतील तेव्हा त्यांना रस्ता, गटार, कब्रस्तानाची भिंत याबरोबर हा प्रश्नही विचारा : हप्ता कायद्याने देणार की मर्जीने? आपल्या वस्तीतील निराधार, वृद्ध, विधवा यांचे जे हक्काचे आहे, ते त्यांच्यापर्यंत पोहोचते का ते तपासा, कागद भरून द्या.

आणि एक काम आपल्याच हातात आहे. गावोगावच्या जमाती, अंजुमन, शिक्षण मंडळे विद्यार्थ्यांना मदत करतात. बहुतेक ठिकाणी ती वर्षातून एकदा, कार्यक्रमात, फोटो काढून मिळते. त्याऐवजी चार मुले, चार मुली निवडा आणि त्यांना दोन वर्षे दर महिन्याच्या एक तारखेला थोडी रक्कम द्या. सत्कार नको, प्रगतिपुस्तक नको, उपदेशही नको. रक्कम लहान असली तरी चालेल, तारीख चुकता कामा नये. नियमित मिळणाऱ्या थोड्या पैशावर माणूस आयुष्य आखू शकतो, अचानक मिळालेल्या जास्त पैशावर फक्त थकबाकी भागवतो. आपण हे आठ घरांत करून दाखवले, तर सरकारकडे मागताना आपल्या बोलण्याला वजन येईल.

बैठकीतला तो मुलगा निघताना माझ्याजवळ आला. म्हणाला, "सर, विचार केला. मला आयटीआय पूर्ण करायचा होता. इलेक्ट्रिशियनचा. एक वर्ष राहिले होते." एवढे बोलून तो एसटी पकडायला धावला, कारण रात्री पुन्हा गोडाऊन होते. त्याच्या स्वप्नाची किंमत एका वर्षाच्या घरखर्चाएवढी आहे. एवढी रक्कम या देशाला परवडत नाही, हे मी मानायला तयार नाही.